'सुई घालून करतील' म्हणजे नेमकं काय करतात?

प्रश्न थोडक्यात असा आहे. ६२ वर्षांच्या आईंना सिऱ्होसिस आहे, म्हणजे यकृत आक्रसून निबर झालंय, आणि आता यकृतात साडेतीन सेंटिमीटरची गाठ निघाली आहे. सर्जन म्हणाले, "पोट उघडायला नको, रेडिऑलॉजीवाले सुई घालून करतील." मुलाच्या तीन शंका आहेत. रेडिऑलॉजीवाले म्हणजे एक्स-रे बघून रिपोर्ट लिहिणारे, मग ते उपचार कसे करणार? छिद्र एवढंसं, तर धोकाही एवढासाच ना? आणि शेवटी थोडं संकोचून विचारलं आहे, व्रण राहील का? आईंना त्याची काळजी वाटते म्हणे.

मी इंटरव्हेन्शनल रेडिऑलॉजिस्ट आहे, म्हणजे पडद्यावर बघत सुईने उपचार करणारी डॉक्टर, आणि गेली २२ वर्षं हेच काम करते. त्यातली पहिली काही वर्षं "तुम्ही डॉक्टर की टेक्निशियन?" हे ऐकण्यात गेली, त्यामुळे पहिल्या शंकेचा मला अजिबात राग आलेला नाही. पण सुरुवात दुसऱ्या शंकेपासून करते, कारण सगळा घोटाळा तिथेच होतो.

नाही. छिद्राच्या मापावरून धोक्याचं माप निघत नाही. पोट उघडलेलं असताना रक्त आलं तर सर्जनला ते डोळ्यांनी दिसतं, तिथे बोट दाबून धरता येतं. आमच्या कामात बाहेर तिळाएवढं भोक आणि आत काय चाललंय ते फक्त पडद्यावर. पडदा जे दाखवणार नाही ते मला दिसत नाही. फायदे खरे आहेत, त्यात अतिशयोक्ती नाही: टाके नाहीत, बहुतेकदा पूर्ण भूल नाही, रुग्ण एक-दोन दिवसांत घरी, आणि ज्यांचं हृदय किंवा यकृत मोठं ऑपरेशन झेपवणार नाही अशांनाही उपचार मिळतो. पण काम यकृतातच चाललेलं असतं. पाच तासांऐवजी एका तासात उरकलं आणि बाहेर पट्टी दिसली म्हणून ते किरकोळ ठरत नाही.

आता पहिलं काम करा. सर्जनना किंवा आम्हा लोकांना विचारा, की "सुई घालून" म्हणजे नक्की कुठली सुई? त्या दोन शब्दांत निदान तीन वेगवेगळ्या गोष्टी मावतात आणि नातेवाईक तिन्ही एकच समजतात. तुकडा काढून तपासणं ही बायोप्सी. गाठ जागच्या जागी जाळणं हे ॲब्लेशन. गाठीचा रक्तपुरवठा गाठून तिथेच औषध सोडणं आणि वाट बुजवणं, त्याला आम्ही टेस म्हणतो; लांबलचक नाव ट्रान्सआर्टीरियल कीमोएम्बोलायझेशन.

बायोप्सीबद्दल अनेकांना आश्चर्य वाटतं, पण तुमच्या आईंना ती कदाचित लागणारही नाही. सिऱ्होसिस असलेल्या यकृतात एखादी गाठ डाय (रक्तवाहिन्या स्कॅनवर उठून दिसाव्यात म्हणून रक्तात सोडायचं औषध) सोडल्यावर सुरुवातीच्या टप्प्यात झळाळून उठते आणि नंतरच्या टप्प्यात आजूबाजूच्या यकृतापेक्षा फिकी पडते. हे दोन्ही ठळकपणे दिसलं, तर नीट काढलेल्या सीटी किंवा एमआरआयवरूनच यकृताच्या कॅन्सरचं निदान पक्कं धरतात. मग उगाच सुई का घालायची? सुईच्या वाटेवर कॅन्सरच्या पेशी रुजण्याचा धोका कमी असला तरी शून्य नाही. चित्र संदिग्ध असेल तर मात्र बायोप्सी हवीच, तिथे अंदाजाने उपचार सुरू करू नयेत.

ॲब्लेशनमध्ये एक जाडसर सुई त्वचेतून थेट गाठीच्या मध्यात नेतात आणि टोकाशी उष्णता निर्माण करतात. ६० अंश सेल्सिअसच्या वर पेशी जवळजवळ तत्काळ मरतात. मग १०० च्या पुढे नेऊन लवकर का उरकत नाही? कारण रेडिओफ्रिक्वेन्सीने, म्हणजे विजेच्या प्रवाहाने, जाळताना सुईलगतचा भाग करपला, की त्या करपलेल्या थरातून वीजप्रवाह पुढे सरकत नाही. मधे कोळसा आणि कडेला कच्चं, अशी गत होते. आणि आम्हाला भीती असते ती कडेचीच. नुसती गाठ जळून भागत नाही, चोहोबाजूंनी निदान अर्धा सेंटिमीटर चांगलं यकृतही जाळावं लागतं, कारण स्कॅनवर न दिसणाऱ्या पेशी तिथे असतात. म्हणजे ३ सेंटिमीटरच्या गाठीसाठी ४ सेंटिमीटरचा गोळा जळायला हवा. शेजारून ३ मिलिमीटरहून जाड रक्तवाहिनी जात असेल तर वाहतं रक्त उष्णता पळवून नेतं आणि नेमकी त्याच बाजूला गाठ शिल्लक राहते. मायक्रोवेव्हच्या सुईला हा त्रास कमी होतो, म्हणून हल्ली मी तीच अधिक वापरते. आतडं गाठीला चिकटून असेल तर दोघांच्या मधे द्रव सोडून आतडं बाजूला सारतो. रेडिओफ्रिक्वेन्सी वापरताना हा द्रव ५ टक्के डेक्स्ट्रोज असतो, सलाइन चालत नाही, कारण सलाइनमधून वीज वाहते. असल्या बारीकसारीक गोष्टींवर निकाल ठरतो.

टेसचा आधार शरीराच्याच एका विचित्र व्यवस्थेत आहे. यकृताला रक्त दोन वाटांनी येतं: साधारण तीन चतुर्थांश पोर्टल व्हेन या आतड्यांकडून येणाऱ्या शिरेतून, बाकीचं हिपॅटिक आर्टरी या यकृताच्या धमनीतून. यकृताच्या कॅन्सरची गाठ मात्र आपलं पोषण जवळजवळ सगळं आर्टरीतूनच ओढते. म्हणजे आर्टरीची गाठीकडे जाणारी फांदी बुजवली, तर गाठ उपाशी मरते आणि यकृत पोर्टल व्हेनवर तगून राहतं. जांघेतून किंवा मनगटातून कॅथेटर, म्हणजे बारीक लवचिक नळी, वर नेतात, त्याच्या आतून एक मिलिमीटरहूनही बारीक मायक्रोकॅथेटर गाठीच्या फांदीत सरकवतात. मग डॉक्सोरुबिसिनसारखं औषध लिपिओडॉलमध्ये घोळवून थोडं थोडं सोडतात. लिपिओडॉल म्हणजे खसखशीच्या तेलाला आयोडीन जोडून केलेलं तेल. ते गाठीत साचून राहतं आणि नंतरच्या सीटीत पांढरंशुभ्र दिसतं, त्यामुळे औषध कुठे पोचलं आणि कुठे नाही ते डोळ्यांसमोर असतं. शेवटी बारीक कणांनी फांदी बंद. या सगळ्याला एक अट आहे, पोर्टल व्हेन मोकळी हवी. तिच्यात गुठळी असेल आणि आम्ही आर्टरीही बुजवली, तर यकृताच्या दोन्ही वाटा बंद होतील. म्हणून टेसच्या आधी मी रिपोर्टचा शेवट वाचत बसत नाही, स्कॅनमध्ये पोर्टल व्हेन स्वतः शोधते.

तुमच्या आईंची गाठ साडेतीनची, म्हणजे अगदी काठावरची. ३ सेंटिमीटरपर्यंत ॲब्लेशनचे निकाल फार चांगले येतात, पुढे कड शिल्लक राहण्याचं प्रमाण वाढतं. अशा गाठीला कधी कधी आधी टेस आणि मग ॲब्लेशन असं दोन्ही करतात, किंवा मायक्रोवेव्हच्या दोन सुया एकदम वापरतात. आणि एक प्रश्न आवर्जून विचारा, यकृत प्रत्यारोपणाचा विचार झाला आहे का? १९९६ साली मिलानमधून आलेले निकष आजही धरले जातात: एकच गाठ असेल तर ५ सेंटिमीटरपर्यंत, किंवा तीन गाठींपर्यंत आणि प्रत्येक ३ च्या आत, रक्तवाहिन्यांत किंवा यकृताबाहेर पसरलेली नसेल तर. एकच गाठ असेल तर आकारापुरत्या तुमच्या आई त्यात बसतात. प्रत्यारोपणाने गाठ आणि सिऱ्होसिस दोन्ही जातात, आमच्या सुईने फक्त गाठ जाते. वय, हृदय, दाता, खर्च असे शंभर मुद्दे पुढे येतील आणि कदाचित उत्तर नाहीच येईल, पण विषय निघाला पाहिजे. हा निर्णय एकट्या सर्जनचा नाही आणि एकट्या माझाही नाही. यकृततज्ज्ञ, सर्जन, कॅन्सरतज्ज्ञ आणि आम्ही, एका टेबलाशी बसून स्कॅन बघितला आहे का, एवढं विचारा.

आता आम्ही कोण, ते. १६ जानेवारी १९६४ ला अमेरिकेत ओरेगॉनमधल्या पोर्टलंडला चार्ल्स डॉटर या रेडिऑलॉजिस्टपुढे ८२ वर्षांची एक बाई होती. पायाची आर्टरी अरुंद झालेली, बोटं काळी पडू लागलेली. सर्जन पाय कापा म्हणत होते आणि बाई मुळीच ऐकत नव्हती. डॉटरनी वायर अरुंद जागेतून पार नेली आणि तिच्यावरून आधी बारीक, मग जाड असे कॅथेटर सरकवून वाट रुंद केली. पाय काही मिनिटांत गरम झाला. बाई पुढे अडीच वर्षांनी न्यूमोनियाने गेली, पण स्वतःच्या दोन्ही पायांवर चालत होती. तोपर्यंत रेडिऑलॉजिस्टने फोटो काढून द्यायचा आणि बाजूला व्हायचं, अशी रीत होती. डॉटरकडे एका सर्जनची चिठ्ठी आली होती, तिच्यावर चक्क लिहिलेलं होतं: दाखवा, पण दुरुस्त करायला जाऊ नका! झुरिचमध्ये १९७७ साली आंद्रेआस ग्रुंट्झिग यांनी हृदयाच्या आर्टरीत फुगा फुगवला, ती कल्पना डॉटरच्याच वाटेवरची. अँजिओप्लास्टी आज घरोघरी माहीत आहे, पण तिचा उगम रेडिऑलॉजीच्या खोलीत आहे हे फारसं कोणाला ठाऊक नसतं. तर रिपोर्ट लिहिणारे आणि सुई घालणारे मुळात एकाच घरचे. फरक इतकाच, की इंटरव्हेन्शनल रेडिऑलॉजिस्टने चित्र वाचण्याच्या शिक्षणावर पुढे काही वर्षं हाताचं शिक्षण घेतलेलं असतं. तेवढं विचारून घ्यायला हरकत नाही: हे तुम्ही स्वतः करणार का, आणि वर्षाला असे किती करता?

खोलीत प्रत्यक्ष काय होतं तेही सांगते, म्हणजे आईंना समजावता येईल. आर्टरीत शिरायची युक्ती १९५३ सालची आहे, स्वीडनच्या स्वेन-इव्हार सेल्डिंगर यांची, आणि ती इतकी सोपी आहे की आधी कोणाला कशी सुचली नाही असं वाटतं. लोकल भूल देऊन जांघेत सुई घालायची. आर्टरीत शिरली की लालभडक रक्त ठोक्याठोक्याने उसळतं. सुईतून मऊ टोकाची वायर आत सरकवायची. सुई काढायची, तिथे बोट दाबून धरायचं, वायर तशीच ठेवायची. मग वायरवरून कॅथेटर ओवायचा. त्याआधी मोठ्या भोकाची सुई तरी वापरावी लागे किंवा त्वचा कापून आर्टरी उघडी करावी लागे. कॅथेटर आमच्याकडे फ्रेंचमध्ये मोजतात. ३ फ्रेंच म्हणजे १ मिलिमीटर, त्यामुळे नेहमीचा ५ फ्रेंचचा कॅथेटर पावणेदोन मिलिमीटरही जाड नसतो. शिकाऊ डॉक्टरांना मी पहिल्या दिवशी एकच गोष्ट घोकायला लावते, वायरचं मागचं टोक हातातून सोडायचं नाही. सुटली आणि पूर्ण आत गेली, तर तिला बाहेर काढणं ही दुसरी प्रोसीजर होते.

सोनोग्राफीखाली सुई नेणं दिसायला सोपं वाटतं, पण शिकायला सर्वांत जास्त वेळ तिथेच लागतो. प्रोबमधून निघणारा ध्वनीचा पडदा काही मिलिमीटर जाडीचा असतो. सुई पूर्णपणे त्या पडद्यात पडलेली हवी. जराशी तिरकी गेली, की पडद्यावर दिसणारा चमकता ठिपका हा सुईचं टोक नसून मधलाच भाग असतो आणि खरं टोक दोन सेंटिमीटर पुढे, तुम्ही बघत नाही अशा ठिकाणी पोचलेलं असतं. नवशिक्या माणूस सुई ढकलत जातो. सरावलेला माणूस टोक दिसेनासं झालं की थांबतो, आधी प्रोब हलवतो आणि टोक सापडल्याशिवाय सुईला हात लावत नाही. त्यात यकृत स्थिर नाही, श्वासाबरोबर ते सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर वरखाली होतं. म्हणून मी सुई हातात घेण्याआधी रुग्णाबरोबर तालीम करते: श्वास घ्या, सोडा, थांबा. प्रत्येक वेळी सारखाच सोडा, जास्त नको, कमी नको. घाबरलेला माणूस खोल श्वास घेतो आणि गाठ बरगडीमागे लपते. आईंना सांगा, की त्या खोलीत त्यांचं काम निम्मं आहे, आणि हे मी नुसतं धीर द्यायला म्हणत नाही. बरगड्यांमधून जायचं असेल तर सुई खालच्या बरगडीच्या वरच्या कडेला धरून जाते, कारण प्रत्येक बरगडीच्या खालच्या कडेला आर्टरी आणि नस लपलेली असते.

टेसला हेच एक्स-रेवर चालतं. यंत्र आधी एक कोरं चित्र घेतं, मग डाय सोडल्यावरच्या चित्रांतून ते वजा करतं. हाडं, आतडी सगळी पुसली जातात आणि फक्त रक्तवाहिन्या उरतात, पांढऱ्या भिंतीवर पानगळ झालेल्या झाडाची सावली पडावी तशा. त्या क्षणी रुग्ण हलला किंवा खोकला, तर वजाबाकी चुकते आणि चित्र फाटल्यासारखं दिसतं. डाय सोडताना पोटात ऊब पसरते, ते नेहमीचंच आहे. किरणांची भीती तुम्ही विचारली नाही, पण बरेच जण विचारतात. उपचाराच्या मानाने एखाद-दुसऱ्या टेसचे किरण ही चिंतेची बाब नाही. खरी काळजी रोज तिथे उभं राहणाऱ्यांना. अंतर दुप्पट केलं तर किरण एक चतुर्थांश होतात, म्हणून डाय सोडताना आम्ही मागे सरकतो. शिशाच्या ॲप्रनने किरण अडतात, पण माझ्या कमरेचं काय झालंय ते माझा फिजिओथेरपिस्ट सांगेल.

आता धोक्याकडे, आणि हे माझ्याच अनुभवातलं सांगते. उमेदवारीच्या पुढची वर्षं होती, हात बसला होता आणि तोच काळ सगळ्यांत धोक्याचा. पायाच्या आर्टरीची प्रोसीजर, जांघेतून, सुरेख झाली. पडद्यावरचं शेवटचं चित्र बघून मी खूश होते. रात्री वॉर्डातून सिस्टरचा फोन, पेशंटची पाठ दुखतेय. मी म्हटलं, सहा तास सरळ पडून राहिल्यावर दुखणारच, पॅरासिटामॉल द्या. तासाभराने पुन्हा फोन, आता नाडी ११० आणि बीपी उतरतंय. जांघ हाताला मऊच होती, सूज नाही, काही नाही. सीटी केला तेव्हा पोटाच्या मागच्या पोकळीत रक्ताचा मोठा साठा दिसला. माझी सुई दोन बोटं वर गेली होती.

जांघेत सुई मांडीच्या हाडाच्या डोक्यासमोर शिरायला हवी, म्हणजे नंतर दाबताना आर्टरीमागे टणक हाड असतं. त्याच्या वर गेलात तर दाबायला मागे काही नाही, रक्त बाहेर न येता मागे पाठीकडे साचतं. तिथून निघणारी एक छोटी फांदी माझ्या सुईने दुखावली होती. पहाटे दुसऱ्या बाजूच्या जांघेतून जाऊन, कॉइल (धातूची बारीक गुंडाळी) टाकून ती बंद केली, चार बाटल्या रक्त चढवलं, पेशंट वाचला. सिस्टरचा पहिला फोन बरोबर होता, चुकलं ते माझं उत्तर. तेव्हापासून हाडाचं डोकं एक्स-रेवर बघितल्याशिवाय किंवा सोनोग्राफी लावल्याशिवाय मी जांघेत सुई घालत नाही आणि "पाठ दुखतेय" हे शब्द ऐकले की फोन ठेवून वॉर्डात जाते.

म्हणून मी म्हणते, प्रोसीजर किती वेळाची याच्यापेक्षा पुढचे सहा तास कोण बघणार, हे विचारा. रात्री फोन कोणी उचलायचा? गरज पडली तर त्याच ठिकाणी रक्त, आयसीयू आणि सर्जन आहेत का?

आमच्या धंद्याचं कौतुक करताना दुसरी बाजूही सांगायला हवी. सुईने करता येतं म्हणून ते करावंच असं नसतं, आणि हा मोह आम्हाला होतो. मणक्याच्या मोडलेल्या हाडात सिमेंट भरण्याची प्रोसीजर वर्षानुवर्षं जोरात चालली. २००९ साली दोन चाचण्यांत काही रुग्णांना खरं सिमेंट आणि काहींना नुसतं नाटक, अशी तुलना झाली तेव्हा दोन्ही गटांचं दुखणं जवळपास सारखंच कमी झालं. मूत्रपिंडाच्या आर्टरीत स्टेंट घालण्याचंही २०१४ पर्यंत तेच झालं, बहुतेक रुग्णांत नुसत्या औषधांपेक्षा जास्त फायदा दिसला नाही. उलट बाजूने, पक्षाघातात मेंदूच्या मोठ्या आर्टरीतली गुठळी ओढून काढण्याला सुरुवातीला कोणी फारसं जुमानत नव्हतं आणि २०१५ मध्ये एकामागून एक चाचण्यांनी ती पद्धत कायमची सिद्ध केली. टेसचा फायदाही २००२ च्या चाचण्यांत दिसला तो निवडक रुग्णांत, ज्यांचं यकृत अजून बऱ्यापैकी काम करत होतं. पोटात पाणी भरलेल्या, बिलिरुबिन (काविळीत रक्तात वाढणारा घटक) चढलेल्या रुग्णाला टेस दिली तर गाठ मरायच्या आधी यकृतच मान टाकतं. अशा वेळी "काहीतरी करा" म्हणून नातेवाईक हात जोडतात. नाही म्हणणं ही या कामातली सर्वांत अवघड प्रोसीजर आहे.

तयारीचं बोलू. आई रक्त पातळ करणारं काही घेत असतील, ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, वॉरफरिन, तर त्याची यादी पहिल्याच भेटीत द्या. आणि स्वतःच्या मनाने बंद करू नका. हृदयात स्टेंट असेल तर गोळी अचानक थांबवणं प्रोसीजरपेक्षा घातक ठरू शकतं. सिऱ्होसिसमध्ये प्लीहा मोठी होऊन प्लेटलेट्स अडकवून ठेवते, त्यामुळे त्यांचा आकडा कमी येणारच. एरवी आम्ही ५०,००० मनात धरतो, पण सिऱ्होसिसच्या रुग्णात नुसत्या आकड्यावर निर्णय होत नाही, म्हणून रिपोर्टमध्ये लाल रंग बघून घाबरू नका. पोटात पाणी असेल तर ते आधी काढतात, कारण यकृताभोवती पाणी असलं की सुईचं भोक दाबलं जात नाही. तसंच मूत्रपिंडांसाठी क्रिएटिनिन बघतात, डायची पूर्वी कधी ॲलर्जी आली होती का ते विचारतात, मधुमेहासाठी मेटफॉर्मिन चालू असेल आणि मूत्रपिंडं कमजोर असतील तर ती काही काळ थांबवतात. आधी सहा तास पोटात अन्न नको. या सगळ्यात नवल काही नाही, पण सकाळी चहाबरोबर खाल्लेल्या दोन बिस्किटांमुळे तारीख पुढे गेलेली मी किती वेळा बघितली आहे!

नंतरचं आधीच माहीत असू द्या, म्हणजे रात्री धावपळ होणार नाही. टेसनंतर ताप, मळमळ आणि उजव्या कुशीत दुखणं हे चार-सात दिवस चालतं. बहुतेकदा तो मरणाऱ्या गाठीचा परिणाम असतो, जंतुसंसर्ग नसतो. यकृतावर सुई गेल्यावर उजवा खांदा दुखतो, तेव्हा लोक चक्रावतात. श्वासाचा पडदा आणि खांदा यांच्या नसा मानेतल्या एकाच ठिकाणाहून निघतात, म्हणून पडद्याला त्रास झाला की मेंदू तो खांद्याच्या नावावर लिहितो. नुसता खांदा दुखला तर गोळी पुरते. पण खांदा किंवा पोट दुखतंय आणि सोबत घाम, धडधड, डोळ्यांपुढे अंधारी असेल, तर वाट बघायची नाही, तसंच उठून दवाखान्यात यायचं. ताप आठवड्यानंतर पुन्हा चढला, थंडी वाजून आला, तर जळलेल्या जागी पू झाला असण्याची शक्यता धरून सोनोग्राफी करावी लागते. डोळे पिवळे झाले, झोप उलटीपालटी झाली, बोलण्यात गोंधळ जाणवला, तर यकृततज्ज्ञांना त्याच दिवशी कळवा.

साधारण महिन्याने डाय सोडून सीटी किंवा एमआरआय होईल. तिथे गाठ दिसेलच, ती नाहीशी झालेली नसते. बऱ्याचदा रिपोर्टात आकार पूर्वीपेक्षा मोठाही लिहिलेला असतो, कारण आम्ही कडेचं यकृतही जाळलेलं असतं. हे वाचून लोक रडत फोन करतात. आकार बघू नका. जळलेल्या भागात डाय शिरतोय का, एवढंच बघायचं. नाही शिरला, तर तिथे जिवंत काही नाही. एखाद्या कडेला चंद्रकोरीसारखा भाग झळाळला तर तेवढ्यासाठी पुन्हा सुई. सिऱ्होसिस असलेल्या यकृतात दुसरीकडे नवी गाठ येऊ शकते, म्हणून हे स्कॅन पहिली काही वर्षं दर तीन-चार महिन्यांनी चालूच राहतात. एकदा केलं आणि सुटलो, असा हिशोब यात नसतो, ते आधीच मनाशी धरलेलं बरं.

आणि व्रणाचं. ॲब्लेशनच्या सुईची खूण सुरुवातीला मच्छर चावल्यासारखी, जांघेत किंवा मनगटावर थोडा निळा डाग, तो दोन आठवड्यांत पिवळा पडून जातो. महिन्याने स्कॅनला आलेल्या बाईच्या पोटावर जागा दाखवा म्हटलं तर तिलाही सापडत नाही आणि मलाही नाही. दोघी मिळून शोधतो, आणि शेवटी मी जुनी नोंद उघडून बघते की कितव्या बरगडीखाली घातली होती.